ससाण्याचा घास

शिकारी ससाण्याच्या डोळ्यांवर चढवतात त्या चामडी टोपीला अरबीत 'बुरका' म्हणतात. हा शब्द तिथे भेटला तेव्हा मला हसू आले. अमिरातीत या पक्ष्याला पासपोर्टसुद्धा मिळतो. एवढा लाडका पक्षी बर्ड फ्लूने दगावतो, आणि तोही पुष्कळदा खाल्लेल्या घासामुळे.

रानबदके हा विषाणू अंगात वागवूनही कित्येकदा धडधाकट उडतात. एखादे आजारी पडले की त्याची झेप मंदावते आणि ससाणा नेमके तेच धरतो. दुबळे सावज हेरणे त्याच्या रक्तातच आहे; त्याला काय बोल लावणार? मालकाने हाताने भरवलेल्या कबुतराच्या मांसातूनही लागण होऊ शकते.

१९९८मध्ये अमिरातीत एका बहिरी ससाण्यात एच७एन३ विषाणू सापडला. २०१४मध्ये दुबईत एच५एन१ने शिकारी ससाण्यांना गाठले. त्याआधी, २००४मध्ये, ब्रसेल्स विमानतळावर हातसामानात लपवून थायलंडहून आणलेले दोन गरुड पकडले गेले. दिसायला ठणठणीत, तपासणीत एच५एन१ निघाला.

नवा पक्षी काही दिवस वेगळा ठेवा, रानबदकांवर ससाणा सोडू नका, असे पशुवैद्य सांगतात. पहिले जमते. दुसरे मात्र, ज्याच्या मनगटावर भुकेला ससाणा फडफडतो आहे, त्याला सांगून पाहा!