चावण्याचे शिक्षण
(केंद्रसंमेलनात शिक्षकांपुढे केलेले भाषण)



मोहफुलांच्या दिवसांत आई पहाटेच रानात जाते आणि तिसरीतील मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात येते, हे दृश्य चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनगावांत शिकविणाऱ्यास नवे नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घातली, तीही भावंडे सांभाळणारी अशीच मुले डोळ्यांपुढे ठेवून. आपल्याजवळ पाळणाघर नाही; परंतु कडेवरच्या त्या मुलाकडे लक्ष तर देता येते.

अशाच एका दीड वर्षाच्या मुलास त्याची बहीण तांदळाची पातळ पेज पाजीत असे. भात का देत नाहीस, असे विचारता ती म्हणाली, "त्याले ठसका लागते, गुरुजी. दाढा आल्यावर देऊ."

उत्तरात माया होती. पण दाढांची वाट पाहण्याचे कारण नव्हते. दुधाचे वीसही दात येण्यास अडीच-तीन वर्षे लागतात आणि मऊ घास हिरड्यांनीही चिरडता येतो. शिकावयाचे असते ते जिभेला. दूध ओढणारी जीभ मागेपुढे हलते. घास बाजूस सारून जबड्याखाली नेणे तिला सरावानेच साधते. म्हणून सहा महिने पुरे होताच आईच्या दुधाबरोबर घट्ट, कुस्करलेले अन्न सुरू करावे आणि आठव्या-नवव्या महिन्यापासून त्यात मऊ कण राहू द्यावेत. हा काळ टळला म्हणजे मूल पुष्कळदा घास थुंकू लागते, घरची माणसे पुन्हा पेजेकडे वळतात आणि इवलेसे पोट पाण्यानेच भरते. कुपोषणाची चर्चा आपण तक्त्यांतील वजनांवरून करतो. ती वाटी मात्र कोणी पाहत नाही.

ठसक्याचे भय समजून घ्यावयास हवे. खोकणारे, उमासे काढणारे मूल घास स्वतःच पुढे ढकलीत असते. त्याच्या तोंडात बोट घालू नये. आवाजच बंद होऊन श्वास अडला, तर मात्र त्यास मांडीवर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात व तत्काळ मदत बोलवावी. फुटाणे, शेंगदाणे, बोरे ही लहानग्याच्या हाती देऊच नयेत. आणि कडेवर घेऊन चालता चालता भरविणेही टाळावे.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलीस भावाला समोर बसविण्यास सांगितले. खिचडीतील मऊ भात व डाळ कुस्करून हरभऱ्याएवढा गोळा केला आणि तो जिभेवर न ठेवता गालाच्या बाजूस, हिरडीवर ठेवला. तीन दिवस त्याने तो बाहेर काढला. चौथ्या दिवशी बहीण स्वतःच तोंड मोठे हलवून चावू लागली. तो तिच्याकडे टक लावून पाहत राहिला आणि हळूहळू त्याचाही जबडा हलू लागला. सायंकाळी रानातून परतलेल्या आईला तिनेच ते करून दाखविले. मी सांगितले असते, तर आईने बहुधा हसून सोडून दिले असते.