सभेतले अनेक माईक

एखाद्या सहकारी पतसंस्थेची वार्षिक सभा भरलेली असते. व्यासपीठावर लांब टेबल, टेबलावर आठ माईक आणि प्रत्येक माईकपुढे एकेक पदाधिकारी. कोण केव्हा बोलू लागेल याचा नेम नसल्यामुळे लाउडस्पीकरवाल्याने आठही माईक चालू ठेवलेले असतात. अध्यक्ष प्रास्ताविकास आरंभ करतात न करतात तोच कर्ण्यातून लांबलचक शिटी निघते. लाउडस्पीकरवाला धावत येऊन आवाज उतरवतो. शिटी थांबते खरी, परंतु मागच्या चार रांगांना ऐकू येणेही तिच्याबरोबरच थांबते. मग सभासद आपसांत बोलू लागतात, आणि ताळेबंद मंजूर होतो त्या वेळी आपण कशास संमती दिली हे निम्म्या सभागृहास ठाऊक नसते.

दोष बहुधा त्या लाउडस्पीकरवाल्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्याला हात दोन आणि माईक आठ, असा हा मामला आहे.

कर्ण्यातून निघालेला आवाज माईकमध्ये पुन्हा शिरतो, वाढून पुन्हा बाहेर पडतो आणि हे चक्र आवरेनासे झाले की शिटी वाजते. डॅनिश पदार्थवैज्ञानिक सोरेन लार्सन (१८७१-१९५७) यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. माईक एकच असेल तर आवाजाला परत शिरण्यास दार एक. आठ असतील तर दारे आठ. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिटी न होता आवाज जेवढा चढवता येतो त्यात ३ डेसिबलांची घट होते. दोन माईकांस ३, चारांस ६, आठांस ९. नऊ डेसिबलांची घट म्हणजे ध्वनिशक्ती सुमारे आठव्या हिश्श्यावर येणे होय. शिवाय बोलणारा एकच असला तरी उरलेले सात माईक स्वस्थ बसत नाहीत. छताच्या पंख्याची घरघर, कागदांची सळसळ, शेजाऱ्याचे खाकरणे हे सारे ते इमानाने गोळा करतात. एकाच वक्त्याचा आवाज दोन माईकांत किंचित मागेपुढे पोहोचला तर तो डब्यात बोलल्यासारखा पोकळ होतो, हे आणखी वेगळे.

यावर पहिला उपाय सुचला तो दरवानाचा. आवाज ठरावीक पातळीवर चढला की माईक आपोआप उघडावा, आणि वक्ता थांबला की मिटावा. कल्पना सरळ होती, पण दरवान नेहमी थोडा उशिरा जागा होतो आणि वक्त्याचे पहिले अक्षर दाराबाहेरच राहते. मराठीत ही साधी गैरसोय नव्हे. ‘नामंजूर’ या शब्दाचे पहिले अक्षर गिळले गेले तर उरतो तो ‘मंजूर’! मृदू आवाजात बोलणाऱ्या वृद्ध सभासदासाठी तर दार कित्येकदा उघडतच नाही, आणि मोठ्याने खोकणाऱ्यासाठी मात्र तत्काळ उघडते. पुढील काळात ही रीत पुष्कळ सुधारली. मिटलेला माईक पूर्ण बंद न करता काही डेसिबल खाली ठेवणे, शब्दांमधील विरामात तो क्षणभर उघडाच राहू देणे, शेवटी बोलला त्याचा माईक दुसरा बोलेपर्यंत चालू ठेवणे, अशा सोयी तीत आल्या.

दुसरा मार्ग दाखवला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅन डूगन यांनी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते नाट्यगृहांत ध्वनियोजना करीत होते. एका वेळी अनेक माईक सांभाळण्याची दगदग त्यांना तेथे पुरेपूर कळली. १९७५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आपली पद्धत मांडली. (हेच गृहस्थ पुढे रानावनातील आवाज मुद्रित करण्यातही रमले.) त्यांच्या पद्धतीत दार नाही, वाटणी आहे. यंत्र प्रत्येक माईकची पातळी सर्व माईकांच्या एकूण बेरजेशी ताडून पाहते आणि ज्याचा जेवढा वाटा तेवढेच बळ त्यास देते. सर्व गप्प असतील तर आठही माईक सारखेच, प्रत्येकी ९ डेसिबल खाली. एक बोलू लागताच जवळजवळ सारे बळ त्याच्याकडे जाते व बाकीचे मागे सरतात. दोघे एकदम सारख्याच जोराने बोलले तर दोघेही ३ डेसिबल खाली. एकूण बेरीज मात्र नेहमी एकाच चालू माईकएवढी राहते, म्हणून शिटीचे भय वाढत नाही. उघडझाप नसल्यामुळे पहिले अक्षरही तुटत नाही. आज ही सोय अनेक डिजिटल मिक्सरांत मिळते. यामाहाच्या काही मिक्सरांत तर ती डूगन यांच्याच नावाने आहे.

तथापि यंत्र विकत आणले म्हणजे काम झाले, असे नव्हे. मांडणीतच बहुतेक चुका होतात. माईक तोंडाजवळ हवा; अंतर निम्मे केले तर आवाज सुमारे ६ डेसिबलांनी वाढतो, आणि एवढा लाभ कोणतेही महागडे यंत्र फुकट देणार नाही. वक्ता माईकपासून एक वीत असेल तर शेजारचा माईक निदान तीन विती दूर असावा. मग स्वयंचलित सोय बंद ठेवून, प्रत्येक खुर्चीवर कोणास तरी बसवून, नेहमीच्या आवाजात बोलावयास लावून आठही माईकांचा गेन सारखा करावा. ही पायरी घाईच्या लोकांकडून हमखास गाळली जाते. एक माईक जरी अधिक चढा राहिला, तरी तो न बोलताच इतरांचा वाटा खात बसतो. टेबलावरील ठकठक आणि पंख्याचा घुमारा कमी करण्यासाठी प्रत्येक माईकची सुमारे १०० हर्ट्झखालची खर्ज पट्टी छाटावी. पंख्याच्या थेट खाली आलेला माईक जमल्यास हलवावा. न जमल्यास त्याचा वाटा थोडा कमी करावा. हे झाल्यावरच स्वयंचलित कळ दाबावी. बोलण्याच्या माईकांव्यतिरिक्त काहीही या वाटणीत घालू नये. स्वागतगीताची पेटी, तबला किंवा ध्वनिमुद्रित गाणे तीत शिरले की सूर आपसांत चढउतार करू लागतात आणि गाण्याची रया जाते. तीन माणसांच्या बैठकीस तर हा खटाटोप मुळीच नको. एक माईक हातोहात फिरवला की पुरे.

काही यंत्रांत अध्यक्षांच्या माईकला अग्रक्रम देता येतो. ते बोलू लागले की इतर सारे दबतात. हा अधिकार हिशेबाने वापरावा. गोंधळ शांत करण्यास अध्यक्षांजवळ घंटा असतेच. हरकत घेणाऱ्याचा आवाज यंत्राने दाबला तर इतिवृत्त लिहिणाऱ्या चिटणीसाच्या कानी काहीच पडत नाही, आणि हरकत घेतली गेलीच नव्हती असे कागदावर कायमचे उरते.

सभेच्या आधी अर्धा तास चाचणी घ्यावी ती पंखे चालू ठेवून, कारण सभेत ते चालूच असणार. टेबलाच्या अगदी टोकाच्या खुर्चीवर हळू बोलणाऱ्या कोणास बसवावे, त्याने न खाकरता एकदम ‘नामंजूर’ म्हणावे, आणि शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने आपण काय ऐकले ते सांगावे.