तुळशीवरची गळती आणि परसातील मांडव



वैशाख लागला की तुळशीवृंदावनावर गळती लावण्याची प्रथा अनेक मराठी घरांत आहे. बुडाला बारीक छिद्र असलेले भांडे तुळशीवर टांगावयाचे आणि दिवसभर थेंबाथेंबाने तिच्या मुळाशी पाणी पडू द्यावयाचे. धर्मकृत्य म्हणून जपलेल्या या आचारात उन्हाळी परसबागेचे मर्म साठवलेले आहे. पाणी थोडे असले तरी चालेल, परंतु ते नेमाने आणि नेमके मुळाशी गेले पाहिजे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत या नियमाला जीवनमरणाचे महत्त्व आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या प्रदेशात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा, त्यानंतरचे मोडकसागर आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत आणि त्यांच्या पाण्यावर मुंबईची तहान भागते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत येथील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. डोंगरउताराची मुरमाड जमीन आणि तिच्याखालचा काळा कातळ पावसाचे पाणी धरून ठेवत नाहीत. दूरच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणणाऱ्या माउलीने काकडीच्या वेलाला त्यातले किती पाणी द्यावे? उन्हाळी परसबागेचा खरा प्रश्न हा आहे.

या बागेचे दैव महिन्यागणिक पालटते. माघात दुधी, काकडी, शिराळी, भेंडी आणि मिरची लावली जाते. फाल्गुनात मांडव भरतो, शेजारच्या घरीही भाजी पोहोचते. चैत्रात उन्हाचा ताप वाढला की वेलांवर नरफुले अधिक आणि मादीफुले कमी येऊ लागतात. वेल फुलांनी भरलेला दिसतो, पण फळ धरत नाही. टोमॅटोची फुले गळतात, फुलकिड्यांमुळे मिरचीची पाने आकसतात, फळमाशीने डंख केलेली कोवळी काकडी वाकडी होऊन पिवळी पडते. कुंपणात फट सापडली की शेळ्या उरलेसुरले फस्त करतात. आणि वैशाखात ज्या वळवाची प्रतीक्षा करावी, तोच वाऱ्यासह येऊन मांडव आडवा करतो.

अशा वेळी हताश होणारी गृहिणी आणि पुन्हा उभी राहणारी गृहिणी यांत भेद असतो तो पूर्वतयारीचा. न्हाणीचे पाणी अळू आणि केळीकडे वळवले, भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वेलांना दिले, तर वेगळा हंडा लागत नाही. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी मात्र भाजीपासून दूर ठेवावे. मातीचे भाजलेले मडके वेलाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले की जमीन सुकेल तसे पाणी झिरपते. तुळशीवरची गळती येथे जमिनीखाली काम करते. बुंध्याशी पालापाचोळा पसरला की ओल टिकते. भाताच्या तरव्यासाठी राब भाजण्याच्या या मुलखात पाचोळा बहुधा जाळण्यासाठीच गोळा होतो. त्यातला एक भारा परसासाठी राखला तरी पुष्कळ काम होते.

परंतु ज्या घराला कुलूप आहे, तेथील परसाचे काय? दिवाळीनंतर येथील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मांडव घालण्याच्या दिवसांत त्यांच्या अंगणात कोणी नसते. ती परततात तेव्हा घरात भाजी नसते, आणि शेवळे किंवा टाकळा रानात उगवायला पहिला पाऊस पडावा लागतो. कुपोषणाची चर्चा अंगणवाडीच्या वजनकाट्यापाशी थांबते. तिचा एक धागा या ओसाड परसापर्यंत जातो.

यावरचे सारे उत्तर परसबागेत नाही. जेथे रोजगार नाही तेथून माणसे जाणारच. तथापि पावसाच्या आरंभी लावलेली शेवग्याची फांदी एकदा खोल रुजली, की पुढील उन्हाळे ती फारशा पाण्यावाचून काढू शकते, आणि तिची पाने व शेंगा दोन्ही खाता येतात. पहिल्या उन्हाळ्यात तिला तांब्याभर पाणी कोणीतरी घातले पाहिजे. ते काम शेजाऱ्याचे आहे. राखेत घोळून ठेवलेल्या दुधी-काकडीच्या गावठी बियांतील मूठभर बी परतणाऱ्या कुटुंबासाठी राखणे, हेही त्याचेच काम आहे. वनवासी बांधवांविषयीची आत्मीयता भाषणांतून व्यक्त होते त्याहून अधिक अशा मूठभर बियांतून व्यक्त होते.

तुळशीला पाणी घातल्यावाचून अन्न न घेणाऱ्या स्त्रिया गावोगाव होत्या, आजही आहेत. तोच नेम शेजारच्या बंद घरामागील शेवग्यापर्यंत पोहोचावा. मृगाचा पाऊस येईल तेव्हा परतणाऱ्या लेकरांना दारात एक तरी हिरवे झाड दिसेल.