धातूवरून प्रथिनांची ओळख



सोनाराच्या दुकानातला केर धुऊन झारेकरी त्यातील सोन्याचे कण वेगळे काढतो. प्राण्यांच्या यकृतात, मूत्रपिंडात हजारो प्रकारची प्रथिने एकत्र नांदत असतात. त्यांतून हवे ते निवडावयाचे, तर शास्त्रज्ञालाही झारेकरीच व्हावे लागते. आकारावरून, विद्युत्‌भारावरून ही निवड करता येते. आज आम्ही बोलणार आहोत ते धातूवरून होणाऱ्या निवडीविषयी.

लोहच घ्या. हीमोग्लोबिनच्या रेणूत लोहाचे ४ अणू असतात व त्यांच्या बळावर ते प्राणवायू वाहते. ट्रान्स्फेरिन लोहाचे २ अणू रक्तातून पोहोचवते. फेरिटिन ४,५०० पर्यंत अणू पोटात साठविते. धातू एकच, पण एक कामकरी, दुसरा हमाल, तिसरा कोठावळा!

१९७५ साली स्वीडनमधील येर्कर पोराथ यांनी एक सोपी युक्ती दाखविली. जेलच्या कणांना जस्त किंवा तांबे बांधावयाचे, ते कण नळीत भरावयाचे आणि वरून प्रथिनांचे मिश्रण सोडावयाचे. धातूची ओढ असलेली प्रथिने अडकतात, बाकीची वाहून जातात. मग द्रावण थोडे आम्लधर्मी केले, की अडकलेलीही सुटून हाती येतात.

परंतु हा केवळ प्रयोगशाळेतला खेळ नव्हे. १९५७ साली अमेरिकेत मार्गोशेस व व्हॅली यांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून ठेवणारे प्रथिन सापडले. त्याला पुढे मेटॅलोथायोनिन हे नाव मिळाले. सुमारे ६० अमिनो आम्लांच्या या साखळीत २० ठिकाणी गंधकयुक्त सिस्टीन असते. त्या गंधकाच्या पकडीत जस्ताचे किंवा कॅडमियमचे ७ अणू बसतात.

कॅडमियम हे माणसाला विष. अन्नातून आणि तंबाखूच्या धुरातून ते शरीरात शिरते. हे प्रथिन त्याला जखडून पेशींचे रक्षण करते खरे. पण जखडलेला चोर घरातच राहतो! मूत्रपिंडात तो दशकानुदशके साचतो आणि मर्यादा ओलांडली, की मूत्रपिंडच निकामी होऊ लागते. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीचे पाणी भातशेतीत गेले आणि लोकांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. त्याचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले.

पहारेकरी कितीही इमानी असला, तरी दार उघडे टाकून झोपू नये. विडी शिलगावताना आपण एवढे आठवले, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.