सजीवांची नावे आणि नाती
(रेडिओवरील भाषण)

सजीव ओळखणे, त्याला सर्वत्र चालेल असे नाव देणे आणि भाऊबंदांत त्याची जागा ठरवणे, ही वर्गीकरणशास्त्राची कामे. स्वीडनच्या कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची रीत रुजवली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. प्रजातींचे कुल, कुलांचा गण, गणांचा वर्ग अशी ही चढती मांडणी आहे.

बोलीतली नावे गोड असतात, पण औषधाच्या कामी घोटाळा करतात. केरळात ब्राह्मी म्हणतात ती बाकोपा मोनिएरी. महाराष्ट्रात मात्र पुष्कळ ठिकाणी त्याच नावाने मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, ओळखली जाते. दोन्ही ओलाव्यात पसरणाऱ्या; पण मंडूकपर्णी कोथिंबीर-ओव्याच्या कुलातली, आणि बाकोपाचा त्या कुलाशी काही संबंध नाही. वैद्याने सांगावी एक आणि पुडीत यावी दुसरी, हे टाळायचे तर पुडीवर शास्त्रीय नाव हवेच.

नुसत्या दिसण्यावरूनही फसगत होते. दाजीपूरच्या जंगलातल्या गव्याचा काळा, भरदार देह पाहून तो रानरेडा वाटतो. प्रत्यक्षात तो बॉस गौरस, गाय-बैलांच्याच प्रजातीतला. म्हशीची प्रजाती वेगळी, ब्युबॅलस.

नाते कळले की पुढची वाट सापडते, याचा पुरावा कोल्हापूरच्या शेतांत उभा आहे. गोड, जाड पण नाजूक ऊस आणि काश नावाचे काटक रानगवत, दोघांची प्रजाती एकच: सॅकरम. कोइमतूरला १९१२ मध्ये सुरू झालेल्या ऊस पैदास केंद्रात या दोघांचा संकर झाला आणि ‘को २०५’ हे वाण निघाले. आज लागवडीत असलेल्या बहुतेक उसांत काशाचा अंश आहे.

सजीव ओळखण्याचे आणि त्यांना नावे देण्याचे काम संपलेले नाही. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्यातील वनस्पतींवरील ग्रंथ शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. यादव यांचा विशेष अभ्यास सेरोपेजियाचा, म्हणजे कंदीलफुलांचा. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. चिमुकली माशी आत अडकते आणि केस सुकल्यावर परागकण घेऊन सुटते. अशी एखादी नवी वनस्पती जाहीर करताना तिचा एक नमुना, बहुधा वाळवलेला, संग्रहात कायमचा ठेवतात. नावावरून पुढे वाद झाला, तर निवाडा त्या नमुन्यावरून होतो.

ही ओळख व्यवहारातही लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांमध्ये, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांमध्ये, बॉक्साइट आहे. खाणीचा निर्णय घेण्याआधी तिथे काय उगवते याची यादी लागते. पावसाळ्यातले काही आठवडेच दिसणाऱ्या वनस्पती त्या यादीत याव्यात, यासाठी त्यांना ओळखणारा माणूस त्या दिवसांत सड्यावर असावा लागतो.