टायरची आंतली कड

जोडे दुरुस्त करणारा अनुभवी कारागीर हातीं आलेला जोडा प्रथम उलटा करतो आणि टांच पाहूनच धन्याची चाल सांगतो. कोणाची टांच बाहेरच्या अंगानें झिजलेली असते, कोणाची आंतल्या. नवी टांच ठोकून दिली आणि चाल मात्र तीच राहिली, तर चार महिन्यांनीं तीच झीज त्याच जागीं पुन्हां दिसूं लागते. मोटारीच्या टायरचेंही असेंच आहे. टायरवरची झीज म्हणजे गाडीच्या चालीचा लेख होय. तो वाचतां आला, तर दोष रबराचा आहे कीं चाकाच्या मांडणीचा, हें समजतें. साध्या घरगुती गाडींत हा लेख सावकाश उमटतो. ताशीं अडीचशें-तीनशें किलोमीटर वेगासाठीं बांधलेल्या स्पोर्ट्‌स-कारमध्यें तो फार लवकर उमटतो, आणि तोही बहुधा मालकाच्या नजरेआड, टायरच्या आंतल्या कडेवर.

गाडी केवढीही किंमतवान असो, रस्त्याशीं तिचा प्रत्यक्ष संबंध चारच ठिकाणीं येतो, आणि त्यांतील प्रत्येक जागा माणसाच्या पसरलेल्या पंजाहून फारशी मोठी नसते. इंजिनाचा जोर, ब्रेकचा आवर आणि वळणावर गाडीला बाहेर फेकूं पाहणारा भार, हें सर्व त्या चार जागांनींच पेलावयाचें असतें. म्हणून चाक रस्त्यावर कसें उभें आहे, या प्रश्नाला वेगवान गाडींत प्राणाचें मोल येतें. चाकाचें हें उभें राहणें मुख्यत्वें दोन कोनांनीं ठरतें. कॅस्टर नांवाचा तिसराही एक कोन आहे. परंतु त्याचा संबंध स्टिअरिंगच्या वागणुकीशीं अधिक आणि झिजेशीं थोडा, म्हणून तो येथें बाजूला ठेवलेला बरा.

पहिला कोन कॅम्बर. गाडीसमोर उभें राहून पाहिलें असतां चाक अगदीं ओळंब्यांत आहे कीं एका बाजूस कललें आहे, हें या कोनानें मोजतात. चाकाचा माथा गाडीकडे झुकलेला असला म्हणजे तो ऋण कॅम्बर. स्पोर्ट्‌स-कारचीं चाकें हेतुपुरस्सर अशीं झुकविलेलीं असतात, आणि त्याचें कारण वळणावर कळतें. वेगानें वळतांना गाडीचें अंग बाहेरच्या बाजूस कलतें आणि बराचसा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तें चाक मुळांत ओळंब्यांत असेल, तर गाडीबरोबर तेंही कलतें, टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि उरलेला पट्टा पुरता कामास येत नाहीं. उलट, तें आधींच एक-दोन अंश आंत झुकविलेलें असेल, तर वळणावर तो झुकाव फिटतो आणि टायर जवळजवळ पूर्ण रुंदीनें रस्त्यावर टेकतो. पकड हवी असते ती त्याच क्षणीं, आणि ती तेव्हांच मिळते.

हा व्यवहार मात्र फुकटाचा नव्हे. वळण संपून रस्ता सरळ झाला कीं झुकाव पुन्हां जागेवर येतो. ३०० मिलिमीटर रुंदीचा पट्टा २ अंशांनीं कलला, तर त्याच्या दोन कडांच्या उंचींत सुमारें १० मिलिमीटरांचा फरक पडतो. रबर दबतें, म्हणून बाहेरची कड अगदींच अधांतरीं राहत नाहीं. परंतु भार आंतल्या कडेवर अधिक पडतो आणि ती अधिक तापते. जर्मनींत न्युर्बुर्गरिंग येथें १९२७ सालीं खुली झालेली नॉर्डश्लाइफ ही सुमारें २०.८ किलोमीटरांची फेरी आहे. तींत सत्तरांहून अधिक वळणें आहेत. तेथें टायर सारखा वळणांत असतो, म्हणून बाहेरची कडही आपला वांटा उचलते. तीच गाडी तीच मापें ठेवून रोज सरळ महामार्गावर चालविली, तर बाहेरची कड नवी राहते आणि आंतली झिजून जाते. म्हणजे वळणासाठीं काढलेलें कर्ज सरळ रस्त्यावर फेडावें लागतें.

हें कर्ज किती जलद वसूल होतें, याचें उदाहरण बेल्जममधील स्पा-फ्रांकोरशां येथील २०११ सालच्या फॉर्म्युला वन शर्यतींत दिसलें. टायर पुरविणाऱ्या पिरेली कंपनीनें पुढच्या चाकांसाठीं ४ अंशांपर्यंतच्या ऋण कॅम्बरची शिफारस केली होती. रेड बुल संघानें त्याहून अधिक झुकाव ठेवला. स्पाच्या फेरींत वळणांबरोबर लांब सरळ पट्टेही आहेत. त्या पट्ट्यांवर भरधांव जातांना पुढच्या टायरांची आंतली कड तापून तिच्यावर फोड आले. पात्रता-फेरींत वापरलेल्या टायरांवरच शर्यत सुरू करावयाची, असा तेव्हांचा नियम होता, आणि टायर बदलण्याची परवानगी मिळाली नाहीं. संघानें दोन्ही गाड्यांचे टायर पहिल्या कांहीं फेऱ्यांतच बदलले, आणि अखेरीस फेटेल पहिला व वेबर दुसरा आला. शर्यत जिंकली गेली, तरी यंत्रविशारदांना ती चिंतेंत काढावी लागली. अंशाच्या लहानशा भागाचा जुगार केवढा असतो, हें त्या दिवशीं दिसून आलें.

दुसरा कोन टो. माणूस उभा राहिला असतां त्याच्या पायांचीं बोटें एकमेकांकडे वळलेलीं असतात कीं परस्परांपासून दूर, तसाच हा प्रकार. वरून पाहिलें असतां दोन चाकांचे पुढचे भाग जवळ आलेले असले म्हणजे टो-इन, आणि फांकलेले असले म्हणजे टो-आउट. कॅम्बर डोळ्यांना दिसतो, टो दिसत नाहीं. आणि अनेकदां नासधूस अधिक होते ती या न दिसणाऱ्या कोनानेंच.

थोडा हिशेब केला म्हणजे हें पटेल. एक चाक आपल्या खऱ्या दिशेपासून केवळ पाव अंश वळलेलें आहे असें धरूं. साडेसहाशें मिलिमीटर व्यासाच्या चाकांत त्याची पुढची आणि मागची कड यांच्यांतील फरक ३ मिलिमीटरही होत नाहीं. ज्वारीचा दाणा त्याहून मोठा. तरीही असें चाक दर किलोमीटरला सुमारें ४.४ मीटर आडवें जाऊं पाहतें आणि गाडी त्याला सरळ ओढून नेते. दहा हजार किलोमीटरांत हा आडवा ओढा ४४ किलोमीटरांचा होतो. त्यांतील पुष्कळसा रबराच्या लवचिकपणांत जिरतो हें खरें. उरलेला मात्र रस्त्यावर खरवडण्यांत जातो. त्यांतच चाक ऋण कॅम्बरनें आंत झुकलेलें असलें, म्हणजे ती खरवड सर्व पट्ट्यावर न पसरतां भार सोसणाऱ्या आंतल्या कडेवर एकवटते. कॅम्बर जागा ठरवितो आणि टो कानस चालवितो, असें म्हटलें तरी चालेल.

मग टो अगदीं शून्य कां ठेवीत नाहींत, असा प्रश्न सहज येईल. त्याचें उत्तर सुरक्षिततेंत आहे. मागचीं चाकें किंचित् आंत वळलेलीं असलीं, म्हणजे वेगांत गाडीचें मागचें अंग स्थिर राहतें. तीं बाहेर वळलीं, तर तें सरकूं लागतें. १९६३ सालीं लोकांपुढें आलेल्या पोर्श ९११ या गाडीचें इंजिन मागच्या आंसाच्याही मागें होतें. वळणाच्या मध्यावर चालकानें घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर तिचें मागचें अंग बाहेर झेपावत असे. १९६८ सालीं कंपनीनें त्या गाडीच्या दोन आंसांमधील अंतर ५७ मिलिमीटरांनीं वाढविलें, तेव्हां ही खोड पुष्कळ कमी झाली. पुढें १९७७ सालच्या पोर्श ९२८ मध्यें मागच्या चाकांची जोडणी अशी केली कीं, पाय उचलतांच किंवा ब्रेक लागतांच चाक बाहेर न वळतां किंचित् आंत वळावें. कंपनीच्या संशोधन-केंद्राच्या गांवावरून तिला वाइसाख आंस म्हणतात. चालकाच्या हातून होणारी चूक चाकाच्या कोनानेंच सांवरून घ्यावी, ही त्यामागची कल्पना. होंडा कंपनीच्या १९९० सालच्या एनएसएक्स या गाडींत मागचीं चाकें स्थैर्यासाठीं बरींच आंत वळविलेलीं होतीं. गाडी स्थिर चाले, पण मागचे टायर फार लवकर झिजत, आणि कंपनीनें पुढें तीं मापें बदललीं. स्थैर्य, पकड आणि टायरचें आयुष्य हीं तिन्ही एकदम पूर्णपणें मिळत नाहींत. मापें ठरविणाऱ्यानें एकाची वजावट दुसऱ्यांतून केलेली असते.

येथवर गोष्ट पैशाची झाली; खरा धोका याच्या पुढचा आहे. टायर आंतून झिजतो, आणि गाडीशेजारीं उभ्या असलेल्या मालकाला दिसते ती बाहेरची कड. ती नव्यासारखी असते. ब्रिटनमधील नियमाप्रमाणें टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागांत खांचांची खोली निदान १.६ मिलिमीटर असावी लागते. मधल्या खांचेंत मापक घालून पाहिलें, तर टायर या कसोटीस उतरतो. आणि तेवढ्यांत आंतल्या खांद्यावर रबर संपून खालचे धागे उघडे पडलेले असूं शकतात. अशा टायरावर पावसांत सरळ जातांना भार असतो तो नेमका त्या गुळगुळीत कडेवरच. तेथें पाणी बाहेर काढावयास खांचा नसतात, चाक पाण्यावर तरंगूं लागतें, आणि वेग जितका अधिक, तितका सांवरण्यास अवकाश कमी. कोरड्या रस्त्यावरही उघडे पडलेले धागे फार काळ हवा धरून ठेवीत नाहींत.

घरगुती गाडींत पुढचे टायर मागें आणि मागचे पुढें लावून झीज सारखी करतां येते. स्पोर्ट्‌स-कारमध्यें हा मार्ग बहुधा बंद असतो. २०२२ सालच्या पोर्श ९११ जीटी३ आरएस या गाडीचे पुढचे टायर २७५ मिलिमीटर रुंदीचे आहेत आणि मागचे ३३५. त्यांची अदलाबदल होणार कशी? त्यांतून पुष्कळ टायरांना फिरण्याची दिशा ठरलेली असते, त्यामुळें उजव्याचा डावाही करतां येत नाहीं. मग मालक टायर बनविणाऱ्याला दोष देतो आणि नवी जोडी विकत घेतो. मांडणी तीच राहते, म्हणून नवी जोडीही जुनीच्याच वाटेनें जाते.

यावर उपाय कठीण नाहींत. प्रथम झीज वाचावी. टायर केवळ मधोमध झिजला, तर हवा अधिक भरली जात आहे; दोन्ही कडांना झिजला, तर कमी. एकच कड गुळगुळीत झिजली, तर कॅम्बरचा संशय घ्यावा. पट्ट्यावरून तळहात आडवा फिरविला असतां एका दिशेनें तो सहज सरकतो आणि उलट दिशेनें करवतीसारखी धार लागते, तर तें काम टोचें. पुढचीं चाकें पूर्ण वळवून त्यांची आंतली कड पाहतां येते. मागच्यांसाठीं गाडी उचलून धरावी लागते, आणि हा त्रास महिन्याकांठीं एकदां घेण्यासारखा आहे. चाकांची मापें चारही चाकांची मिळून, समतल जागेवर, टायरांत योग्य हवा भरून घ्यावीं. कित्येक निर्माते टांकींत किती इंधन आणि आंत किती वजन असावें, हेंही ठरवून देतात, तें पाळावें. शोभेसाठीं गाडी खालीं बसविली, तर बहुतेक गाड्यांचा कॅम्बर वाढतो आणि टोही हलतो, म्हणून असें कांहीं केल्यावर नव्यानें मापन केल्यावांचून गाडी हांकूं नये. जोडणींतील रबरी बुश जुने झाले असल्यास उभ्या गाडीचें माप बरोबर येतें आणि धांवत्या गाडींत तें टिकत नाहीं. तेव्हां आधीं बुश बदलावे, मग कोन जुळवावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गाडी कशासाठीं वापरावयाची, हें मालकानें कारागिराला प्रामाणिकपणें सांगावें. शर्यतीच्या फेरीसाठीं योग्य असलेलें माप रोजच्या रस्त्यावर अयोग्य ठरतें, आणि अनेक गाड्यांना दोन्ही मापें निर्मात्यानेंच दिलेलीं असतात.

कारागिराकडे आलेला जोडा निदान उलटा करून पाहिला जातो. लाखांच्या गाडीचा टायर बाहेरून पुसून चकचकीत करणारे पुष्कळ असतात. खालीं वांकून त्याची आंतली कड पाहणारे थोडे. वेगाचा आनंद घेणाऱ्यानें एवढें वांकण्याची संवय ठेवली, तर नवा टायर घेण्याचा खर्च तर वांचेलच, पण पावसांतल्या एखाद्या वळणावर त्याहून मोठी किंमत देण्याचा प्रसंगही टळेल.