घरातील पहिले प्रमाणपत्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी गुणगौरव समारंभातील भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. माझ्या वयाच्या वक्त्यावर एवढा विश्वास टाकणे धोक्याचे असते. तक्रार असल्यास ती त्यांच्याकडेच करावी.

समोर पहिल्या रांगेत अकरा विद्यार्थी बसले आहेत. त्यांतील दहाजणांची घरे आपल्या परिचयाची आहेत. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने आपली वडीलधारी मंडळी भिलाईस आली, क्वार्टरच्या अंगणात त्यांनी तुळस लावली आणि मुलांना शिकविले. या दहाजणांनी उत्तम गुण मिळविले, त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. अकराव्या मुलाला मात्र शालान्त परीक्षेत ५२ टक्के गुण आहेत. तो गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचा. तेथील आश्रमशाळेत राहून शिकला आणि सुटीत बांधकामावर मजुरी करणाऱ्या वडिलांकडे येथे आला आहे. मला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

आपण स्वतःला महाराष्ट्रापासून दूर समजतो, कारण महाराष्ट्र म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पुणे येते. वास्तविक राजनांदगावच्या पुढे अरण्य लागते आणि त्या अरण्यातच महाराष्ट्राची सीमा येते. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आपला शेजारी आहे. तेथील अनेक मुलांच्या घरी मराठी नाही. गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल सहाव्या वर्षी पाठ्यपुस्तक उघडते, तेव्हा त्यातली मराठी त्याला परकी असते. इंद्रावतीच्या अलीकडचा मुलगा पुढे मराठीत परीक्षा देतो, पलीकडचा हिंदीत. घरी दोघांची बोली जवळजवळ एकच. आपल्या नातवंडांना मराठी वाचावयास लावताना आपली किती दमछाक होते, हे येथे बसलेल्या आज्यांना विचारावे!

भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढविला. १९७६ साली तेथे आश्रमशाळा निघाली. अलीकडे छत्तीसगडच्या बाजूस नारायणपूर येथे १९८५ पासून रामकृष्ण मिशनचे असेच कार्य आहे. हेमलकशास मी गेलो होतो. शाळेची इमारत पाहून मी स्तिमित झालो नाही. मूल दहावीपर्यंत टिकते कसे, हे कळल्यावर झालो.

मोहाची फुले गळतात ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि शालान्त परीक्षा मार्चमध्ये. वर्षभराच्या मिठामिरचीचा पैसा ज्या वेचणीतून यायचा, तिच्या ऐन हंगामात घराने दोन हात परीक्षेला द्यावयाचे. पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम. निकाल लागून पुढील प्रवेशाची धावपळ सुरू होते तो पावसाळ्याचा तोंडावर येण्याचा काळ. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होत आला आहे. प्रवेशाची मुदत नदीला ठाऊक नसते.

त्यापुढे दाखल्यांचे प्रकरण. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी १९५० पूर्वीचे पुरावे, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला अशी कागदपत्रे विचारली जातात. जे कधी शाळेत गेलेच नाहीत, त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला कोठून आणावा? खोटे दावे रोखण्यासाठी पडताळणी हवी, हे मला मान्य आहे. पण जो घरातला पहिला शिकलेला, त्याच्याजवळ सर्वांत कमी कागद असतात, हेही खरे आहे.

आता एक कबुली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी या मंडळाचा सचिव होतो. गणेशोत्सवाचा मांडव घालणाऱ्या एका मजुराने मुलाची गुणपत्रिका माझ्यापुढे धरली. तोही त्याच भागातला. म्हणाला, "साहेब, पोरगा पास झाला जी. तुमच्या कार्यक्रमात नाव घ्याल का त्याचं?" आपला नियम ७५ टक्क्यांचा होता, तो मी त्यास समजावून सांगितला. त्याने गुणपत्रिकेची घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि तो पुन्हा बांबू बांधू लागला. नियम मोडला नाही म्हणून त्या दिवशी मला समाधानच वाटले होते. हेमलकशाहून परतल्यावर मी त्याचा शोध घेतला. कंत्राटदार बदलला होता, मजूर पांगले होते. तो सापडला नाही.

यंदा कार्यकारिणीने घरातील पहिल्या शालान्त विद्यार्थ्यासाठी ही अट काढून टाकली. दोन सभासदांनी विरोध केला. अशाने बक्षिसाचे मोल उतरेल, असे त्यांचे म्हणणे. ते दोघे आज येथे उपस्थित आहेत आणि माझे स्नेहीही आहेत. त्यांना एवढेच विचारतो, की आपल्यापैकी कितीजणांनी घरी कोणालाही न येणाऱ्या भाषेत, घरातले पहिलेच म्हणून, परीक्षा दिली होती? मी तरी दिली नव्हती. माझे वडील शिक्षक होते.

या मुलाला अकरावीच्या प्रवेशासाठी गडचिरोलीस जावयाचे आहे. त्याच्या आजोबांच्या नावाचा जमिनीचा एक जुना कागद घरात आहे. तो पुरावा म्हणून उपयोगी पडेल काय, हे पाहावे लागेल. सभासदांपैकी कोणी वकील असतील किंवा महसूल खात्यात राहिलेले असतील, त्यांनी चहाच्या वेळी मला अवश्य भेटावे. आणि सचिवांना विनंती, की आज नावे पुकारताना यादी खालून सुरू करावी.